‘पाठवलं’ म्हणजे ‘मिळालं’ नव्हे : टीसीपी जोडणी नीट कशी बंद करावी?



आजचा पाठ अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राचा आहे. पण तो वाचायला संगणकशास्त्र यायलाच हवं असं नाही. ज्यांनी कधी ऑनलाइन अर्ज भरून ‘सबमिट’ दाबलं आणि नंतर ‘तुमचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही’ हे ऐकलं, त्या सगळ्यांच्या कामाचा हा विषय आहे.

आधी एक प्रसंग सांगते. तो सांगायला मला थोडा संकोच वाटतो, पण पाठ त्यातूनच सुचला.

अकरावीच्या मुलांनी पायथनमध्ये एक छोटी चाचणी-प्रणाली तयार केली. माझ्या टेबलावरच्या संगणकावर उत्तरं गोळा करणारा प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हर. मुलांच्या संगणकांवर उत्तरं लिहिण्याचा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट. सर्व्हर दर मिनिटाला सगळ्यांना ‘इतकी मिनिटं राहिली’ असा निरोप पाठवायचा. शेवटी मुलांनी ‘पाठवा’ हे बटण दाबलं, स्क्रीनवर ‘पाठवले’ असं आलं आणि प्रोग्रॅम बंद झाला.

२२ मुलांपैकी तिघांची उत्तरं अपुरी आली. त्यातल्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर विचारलं, “शेवटचे दोन प्रश्न सोडवलेच नाहीस ना?” ती म्हणाली, “मॅडम, सोडवलेत. ‘पाठवले’ असं आलं होतं स्क्रीनवर.” मी म्हणाले, “पाठवलं असतंस तर माझ्याकडे दिसलं असतं.” ती गप्प बसली.

दोन दिवसांनी कळलं की ती खरं बोलत होती. खोटं बोलला होता तो प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅमला ‘छान झालाय’ असा शेरा मीच दिला होता.

टीसीपी कशाची हमी देतं?

इंटरनेटवर दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा पुष्कळदा ‘टीसीपी’ नावाचे नियम पाळतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली त्याची मूळ कल्पना मांडली. सप्टेंबर १९८१ मध्ये हे नियम आरएफसी ७९३ या दस्तऐवजात पक्के झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची जागा आरएफसी ९२९३ ने घेतली, पण जोडणी बंद करण्याची रीत तीच राहिली.

टीसीपीचं काम साधं आहे. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा क्रम लक्षात ठेवायचा, समोरून ‘इथपर्यंत मिळालं’ अशी पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा आणि पलीकडे सगळं क्रमाने लावून द्यायचं. जोडणी चालू आहे तोवर मधला एखादा तुकडा गळून पुढचाच हातात येईल, असं होत नाही.

इथेच मुलांचा (आणि माझाही) गैरसमज होतो. पुस्तकात ‘टीसीपी विश्वसनीय आहे’ असं वाक्य असतं. आपण त्याचा अर्थ ‘पाठवलं की पोचलंच’ असा घेतो. मुळात ‘पाठवलं’ या शब्दाला चार पायऱ्या आहेत. टपालाच्या भाषेत सांगते :

१. पत्र टपालपेटीत टाकलं. (प्रोग्रॅमने मजकूर आपल्याच संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवला.)

२. पत्र समोरच्याच्या दारावरच्या पेटीत पडलं. (समोरच्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला मजकूर मिळाला.)

३. समोरच्याने पत्र उघडून वाचलं. (समोरच्या प्रोग्रॅमने मजकूर घेतला.)

४. वाचून फाइलला लावलं. (प्रोग्रॅमने तो डिस्कवर जपून ठेवला.)

पायथनमध्ये आपण ‘सेंड’ ही आज्ञा देतो आणि ती चूक न दाखवता परत येते, तेव्हा फक्त पहिली पायरी झालेली असते. मजकूर अजून आपल्याच संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये असू शकतो. टीसीपी स्वतः जी पोच देतं ती दुसऱ्या पायरीची असते. तिसरी आणि चौथी पायरी टीसीपीला ठाऊकच नसते. आमचा प्रोग्रॅम मात्र पहिल्या पायरीवरच ‘पाठवले’ असं लिहून मोकळा झाला होता.

फोन ठेवण्याची रीत

आता जोडणी बंद कशी होते ते पाहू. वर्गात हे समजवायला मी फोनचं उदाहरण घेते.

आपल्याकडे फोन कसा ठेवतात? “बरं, ठेवू मग?” “हं, ठेव.” “बरं, ठेवते.” आजीशी बोलताना तर हे तीन-चार वेळा होतं, कारण ‘ठेवू मग’ म्हटल्यावरच तिला खरी महत्त्वाची गोष्ट आठवते. आपणही तिचं संपेपर्यंत फोन कानालाच ठेवतो.

टीसीपीची रीत हीच आहे. ज्याचं बोलून झालं तो ‘फिन’ नावाचा संकेत पाठवतो. त्याचा अर्थ : ‘माझ्याकडून सांगायचं संपलं.’ समोरचा त्याला ‘हं, कळलं’ अशी पोच देतो. पण समोरच्याचं बोलणं अजून बाकी असू शकतं. तो बोलत राहतो, पहिला ऐकत राहतो. मग दुसरा आपला फिन पाठवतो, पहिला त्याची पोच देतो आणि जोडणी दोन्ही बाजूंनी बंद होते. असे एकूण चार संकेत. दुसऱ्याला काही सांगायचं उरलेलं नसेल तर मधले दोन एकत्रही जातात.

म्हणजे जोडणी हा एक रस्ता नाही. जाणारा आणि येणारा असे दोन स्वतंत्र रस्ते आहेत, आणि प्रत्येक रस्ता वेगळा बंद करता येतो. मुलांना एवढं पक्कं समजलं की अर्धा पाठ झाला.

आणि फोन आपटण्याची

दुसरी पद्धतही आहे. समोरचा बोलत असताना धाडकन फोन आपटायचा. टीसीपीत याला ‘रिसेट’ म्हणतात. रिसेटचा अर्थ : ‘ही जोडणी आत्ताच्या आत्ता संपली, जे उरलं ते टाकून द्या.’

आमच्या वर्गात नेमकं हेच झालं होतं. मुलांचा क्लायंट ‘इतकी मिनिटं राहिली’ हा निरोप फक्त पुढच्या प्रश्नावर जाताना वाचायचा. शेवटच्या प्रश्नानंतर पुढे जायचंच नव्हतं. त्यामुळे ज्या मुलांनी तो निरोप येऊन पडल्यावर ‘पाठवा’ दाबलं, त्यांच्या संगणकात एक न वाचलेला निरोप तसाच पडून होता. अशा वेळी प्रोग्रॅमने सरळ ‘क्लोज’ केलं तर ऑपरेटिंग सिस्टीम फिनऐवजी रिसेट पाठवते. हा बिघाड नाही, नियमच तसा आहे. आलेला मजकूर न वाचताच टाकून दिला जातोय, हे समोरच्याला कळावं म्हणून.

रिसेट गेला की पाठवणाऱ्याच्या बफरमध्ये उरलेली उत्तरं पुसली जातात. वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवायला कोणी उरत नाही. इतकंच नाही, समोर पोचलेला पण प्रोग्रॅमने अजून न उचललेला मजकूरसुद्धा काही प्रणालींमध्ये रिसेट येताच टाकून दिला जातो.

हे शोधलं एका मुलाने. तो म्हणाला, “मॅडम, मिनिट बदलताना पाठवलं तरच गडबड होते.” आम्ही मुद्दाम तसं करून पाहिलं आणि खरंच उत्तरं तुटली. आणखी एक गोष्ट सापडली. माझ्या सर्व्हरला ‘जोडणी रिसेट झाली’ अशी चूक दिसली होती, पण आम्ही कोडमध्ये लिहून ठेवलं होतं : चूक आली तर दुर्लक्ष कर आणि आलं असेल तेवढं साठव. पुरावा आमच्याकडेच होता, आम्हीच तो गिळला होता.

नीट बंद करण्याचा क्रम

मुलांच्या वहीत हा क्रम लिहून द्या :

१. सगळा मजकूर सोपवा. साधी ‘सेंड’ आज्ञा कधीकधी अर्धाच मजकूर स्वीकारते आणि किती बाइट घेतले ते सांगते. पायथनमध्ये ‘सेंडऑल’ वापरलं की उरलेलं सोपवण्याची जबाबदारी तीच घेते.

२. फक्त लिहिण्याची बाजू बंद करा. यासाठी ‘शटडाउन’ ही आज्ञा आहे. बफरमधला उरलेला मजकूर गेल्यावर त्यामागून फिन जातो. आपले कान अजून उघडेच असतात.

३. समोरून येईल ते वाचत राहा. वाचताना शून्य बाइट हाती आले की समजायचं, समोरच्याचंही बोलून झालं.

४. आता ‘क्लोज’ करा.

५. तिसऱ्या पायरीला वेळेची मर्यादा घाला. समोरचा संगणकच बंद पडला तर जन्मभर कानाला फोन लावून बसायचं नाही. पण मर्यादा संपली तर स्क्रीनवर ‘खात्री झाली नाही’ असं लिहायचं. ‘पाठवले’ लिहायचं नाही.

वेबसाइट चालवणारे सर्व्हरही असंच करतात. क्लायंट अजून मजकूर पाठवत असताना सर्व्हरला जोडणी बंद करायची असेल तर तो आधी आपली लिहिण्याची बाजू बंद करतो आणि थोडा वेळ येणारं वाचत राहतो. नाहीतर त्याने दिलेलं शेवटचं उत्तर क्लायंटच्या हाती पडण्याआधीच रिसेटमध्ये जाण्याची भीती असते.

निरोप संपला कुठे, हे कसं कळणार?

क्रम सुधारला, तरी एक प्रश्न उरतो. मजकूर थांबला तेव्हा निरोप पूर्ण झाला होता की मध्येच तुटला?

टीसीपीला ‘निरोप’ ही गोष्ट माहीत नाही. त्याच्यासाठी सगळा बाइटांचा प्रवाह आहे, नळाच्या पाण्यासारखा. तुम्ही दोन लोटे ओतले, तरी पलीकडे ते एका लोट्यात येईल किंवा पाच वाट्यांत. म्हणून निरोपाच्या आधी त्याची लांबी पाठवायची : ‘पुढे इतके बाइट येणार आहेत.’ तेवढे मोजून मिळाले तर निरोप पूर्ण. त्याआधीच शून्य बाइट किंवा रिसेट आला तर निरोप अपुरा. आणि अपुरा निरोप म्हणजे कोरं उत्तर नव्हे! या दोहोंत फरक न केल्यामुळेच मी त्या मुलीवर आळ घेतला.

लांबी मोजताना आपल्या मराठीची एक गंमत लक्षात ठेवा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट. तोच अर्थ सांगणारा इंग्रजी शब्द रोमन लिपीत ६ बाइटांत मावतो. मुलं लांबी मोजताना अक्षरं मोजतात आणि मराठी उत्तर एक तृतीयांशावरच कापलं जातं. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर ही चूक दिसतच नाही.

दुसरी गंमत. पुस्तकातल्या उदाहरणांत बहुधा एका वेळी १०२४ बाइट वाचतात. १०२४ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, १ उरतो. म्हणजे ३४१ चिन्हं पूर्ण आणि ३४२ व्या चिन्हाचा पहिलाच बाइट हातात. तेवढ्याचं अक्षर करायला गेलं की पायथन चूक दाखवतो. म्हणून आधी सगळे बाइट जमवायचे, मगच त्यांची अक्षरं करायची.

शेवटच्या पोचेची पोच कोण देणार?

आता चौथ्या पायरीकडे येऊ. फिन व्यवस्थित गेला, त्याची पोचही आली, तरी सर्व्हरने उत्तरं जपून ठेवली का, हे कळत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या प्रोग्रॅमने स्वतः म्हणायला हवं : ‘तुमची २० उत्तरं मिळाली, साठवली.’ आणि हे डिस्कवर लिहून झाल्यावर म्हणायचं, आधी नाही. तोवर क्लायंटने आपल्याकडची प्रत पुसायची नाही.

ईमेलमध्ये ही शिस्त १९८२ सालच्या नियमांपासून आहे. पत्र संपलं की पाठवणारा सर्व्हर एका ओळीत फक्त एक टिंब पाठवतो. घेणारा २५० हा आकडा पाठवून सांगतो की पत्राची जबाबदारी आता माझी. पाठवणारा मग ‘क्विट’ म्हणतो, घेणारा २२१ म्हणून निरोप घेतो. २५० येण्याआधी जोडणी तुटली तर पाठवणारा पत्र आपल्याकडेच ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो.

हुशार मूल इथे हमखास विचारतं, “पण ती २५० चीच पोच वाटेत हरवली तर?” तर पत्र पुन्हा जाईल आणि दोनदा मिळेल. मग पोचेची पोच पाठवावी का? तीही हरवू शकते. याला अंत नाही. संगणकशास्त्रात याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणतात. जिम ग्रे यांनी १९७८ साली त्याला हे रूप दिलं. बेभरवशाच्या वाटेवरून कितीही निरोप धाडले तरी दोन्ही बाजूंना शंभर टक्के खात्री एकाच वेळी मिळत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

व्यवहारातला मार्ग असा : प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यायचा. पोच आली नाही तर तोच निरोप त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवायचा. तो क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर सर्व्हरने दुसऱ्यांदा न नोंदता फक्त ‘मिळालं होतं’ एवढं सांगायचं. मग दोनदा पाठवण्याची भीती राहत नाही.

‘मॅडम, पत्ता वापरात आहे म्हणतोय!’

हा प्रश्न तुमच्याही वर्गात येईल. लिनक्सवर सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी चूक येते. कारण जो आधी फिन पाठवतो, त्याला शेवटच्या पोचेनंतरही थोडं थांबावं लागतं. आपली शेवटची पोच हरवली तर समोरचा पुन्हा फिन पाठवेल, त्याला उत्तर द्यायला कोणीतरी हवं. शिवाय जुन्या जोडणीचा रेंगाळलेला तुकडा त्याच पत्त्यांवरच्या नव्या जोडणीत घुसायला नको. मूळ नियमांत हा काळ ४ मिनिटांचा आहे, लिनक्समध्ये तो ६० सेकंदांचा आहे.

ही वाट टाळायला मुलं कुठूनतरी ‘लिंगर शून्य’ ही सोय शोधून आणतात. ती लावू देऊ नका. तिने प्रत्येक वेळी फोन आपटलाच जातो. पत्ता पुन्हा वापरण्याची परवानगी देणारा वेगळा पर्याय आहे, ‘रियूज अॅड्रेस’. सर्व्हर सुरू करताना तो लावा.

वर्गात करून पाहा

एका तासिकेत होणारा खेळ आहे. संगणक लागत नाही, लहान वर्गांतही चालतो.

एक मूल पाठवणारं, एक घेणारं, मध्ये एक पोस्टमन. दहा शब्दांचं वाक्य दहा चिठ्ठ्यांवर लिहा, प्रत्येकीवर क्रमांक घाला. पोस्टमनला गुपचूप सांगा की दोन चिठ्ठ्या खिशात टाक. घेणारा ‘अमुक क्रमांकापर्यंत मिळालं’ अशी उलट चिठ्ठी पाठवेल.

पहिल्या फेरीत पाठवणाऱ्याने शेवटची चिठ्ठी देताच वर्गाबाहेर जायचं. वाक्य अपुरं राहील आणि मागायला कोणी नसेल. दुसऱ्या फेरीत त्याने शेवटी ‘माझं झालं, एकूण दहा’ अशी चिठ्ठी पाठवायची आणि ‘दहा मिळाल्या, वहीत उतरवल्या’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचं. दोन्ही फेऱ्यांनंतर मुलांनाच विचारा, काय बदललं? उत्तर ती बरोबर देतात.

पालकांसाठी

मूल म्हणालं, “मी फॉर्म भरला होता,” “मी उत्तर पाठवलं होतं,” तर लगेच अविश्वास दाखवू नका. त्याने खरंच पाठवलेलं असू शकतं. आणि त्याला एक सवय लावा : ‘सबमिट’ दाबल्यावर समोरून अर्ज क्रमांक किंवा पावती आल्याशिवाय खिडकी बंद करायची नाही. पावती आली की ती जपून ठेवायची. पैसे भरताना मध्येच अडकलं, तर पुन्हा भरण्याआधी पहिल्या व्यवहाराचं काय झालं ते पाहायचं.

आमच्या प्रणालीत आता ‘पाठवले’ हा शब्द नाही. आधी ‘पाठवत आहे’ असं येतं आणि सर्व्हरचं उत्तर आल्यावर ‘२० उत्तरं मिळाली’ असं येतं. हा बदल मी त्याच मुलीला करायला सांगितला. त्याआधी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, कारण आळ सगळ्यांसमोर घेतला होता. तिघांची राहिलेली उत्तरं तोंडी घेतली. तिने दोन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली.

तुमच्या वर्गात हा खेळ घेतलात तर अनुभव जरूर कळवा. मुलांनी विचारलेले प्रश्नही लिहा. पुढच्या पाठात त्यांतले काही घेऊ.